लोखंडी पिन आणि लाकडी खुंटी

६ फेब्रुवारी

आत्या,

डोळ्याची पट्टी निघाली का? डॉक्टरांनी तुला वाकायचं नाही, रडायचं नाही आणि प्रवास करायचा नाही, अशी तंबी दिली आहे म्हणे. यातलं मधलं तुला सहज जमेल. पहिलं आणि तिसरं जरा अवघड दिसतंय.

आता कामाचं सांगते. आपला जुना ट्रॅक्टर संपला. इंजिनच तडकलं. त्याच्या जागी दुसरा घेतलाय, वापरलेला, पण अंगाने चांगला दणकट. पंचाईत अशी की नांगर त्याला लागत नाही. नांगर तोच, आजोबांच्या वेळचा, स्वतःच्या दोन चाकांवर चालणारा, पुढे लांब लोखंडी दांडी असलेला. जुन्या ट्रॅक्टरच्या मागे, खाली, एक जाड पट्टी होती. तिच्या भोकावर दांडीचं भोक ठेवायचं, वरून खुंटी सोडायची आणि चालायला लागायचं. या नव्याला ती पट्टीच नाही. आधीच्या मालकाने काढून टाकली असणार. मागे तीन हात आहेत, खाली दोन आणि वर एक. आजकालची अवजारं म्हणे या तीन हातांवर उचलून धरतात. आपला नांगर म्हातारा. त्याला कुणी उचलून घेतलेलं चालायचं नाही, हाताला धरून नेलेलंच आवडतं.

दांडीतली लाकडी खुंटी कुजली होती, ती फेकून दिली. लोखंड मिळत नसेल तेव्हाची ती सवय. वेल्डरने मला छान लोखंडी पिन घडवून दिली आहे. पण ती अडकवू कशात? वेल्डर म्हणतो, "आण इकडं, चिकटवून टाकतो." त्याला जगातली कुठलीही दोन लोखंडं दाखव, तो हेच म्हणतो.

जमिनीत ओल आहे तोवर नांगरट उरकली पाहिजे. एकदा माती वाळली की ती नांगराला हसते. तू इतकी वर्षं पोरांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवलंस, आता एक घरातलंही मार्गी लाव.

बाबा ठीक आहेत. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून सगळं शेत दिसतं, ते बघत बसतात. नांगरलेलं शेत लवकर दिसावं त्यांना, एवढंच माझ्या मनात आहे.

तुझी,
घाईबाई


११ फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

डावा डोळा पट्टीखाली आहे. उजव्याने लिहीत आहे. ओळी उतरणीला लागल्या, तर त्याचा संबंध माझ्या वयाशी जोडू नकोस.

तुझे पत्र वाचून मला किती आनंद झाला, हे सांगितले तर तू हसशील. निवृत्त झाल्यापासून लोक मला फक्त गुडघ्यांविषयी आणि औषधांविषयी विचारतात. जोडणीविषयी कोणी विचारले, असे फार दिवसांनी घडले. तेव्हा थोडे सविस्तर सांगते आणि तू ते, नावाला न जागता, सावकाश वाच.

दोन यंत्रे एकमेकांना जोडायची म्हणजे त्यांची ओळख करून द्यायची. एक ओढणार, दुसरे ओढले जाणार. सगळा भार जातो तो मधल्या पिनेवरून. पिन आणि भोक यांचे नाते चांगल्या शेजाऱ्यांसारखे असावे. जवळ असावे, पण अंगावर नसावे. पिन सैल असेल तर प्रत्येक हिसक्याला आदळते, भोक अंडाकृती होते आणि एके दिवशी काहीतरी तुटते. फार घट्ट असेल तर काढताना हातोडी लागते, आणि हातोडी लागली की माणूस चिडतो. मी वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहून ठेवीत असे: जिथे पिन हातोडीवाचून आत जाते आणि आत गेल्यावर खुळखुळत नाही, ते तिचे घर.

म्हणून प्रथम पिन हातात घे आणि ट्रॅक्टरच्या मागचे प्रत्येक भोक तिला दाखव. कोणते तिला स्वीकारते ते पाहा. जे भोक मोठे असेल त्यात बुश, म्हणजे आतून नळीसारखे अस्तर, बसवता येते. मग मला एक आकृती काढून पाठव. मापे मिलिमीटरमध्ये. "चार बोटे" आणि "वीतभर" या दादाच्या मापांवर मी उत्तर देणार नाही.

लाकडी खुंटी मात्र फेकण्याआधी त्याला विचारायला हवे होतेस. तो त्याचा जुना हट्ट आहे आणि दादाच्या हट्टांना बहुधा कारण असते. फक्त ते तो सांगत नाही.

यावरून आठवले. माझ्या ऑपरेशनच्या पत्राला त्याचे उत्तर आले नाही. रुसला असेल तर स्पष्ट सांग. तुमचा फोन अजून मेलेलाच दिसतो. एका डोळ्याने जग सपाट दिसते आणि अशा वेळी मनात नको ते विचार येतात.

काळजी घे. यंत्र जोडताना चूक झाली तर यंत्राचे फारसे काही जात नाही. जाते ते माणसाचे.

आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र वेल्डरला वाचून दाखवलं. शेजाऱ्यांचं वाक्य ऐकून तो म्हणाला, "बाईंना माझा शेजारी माहीत नाही." पण भोकांची परीक्षा त्याने मन लावून घेतली.

खालच्या दोन हातांची भोकं मोठी. पिन आत नाचते. बुश करावे लागले असते, आणि मग दोन हातांमध्ये आडवा दांडाही टाकावा लागला असता. पण मधोमध एक जोडकान आहे, दोन जाड पाळ्या आणि आरपार भोक. त्यात पिन अशी गेली आत्या, की वेल्डरने टोपी काढली! हातोडी नको, खुळखुळ नाही. दांडीचं टोकही त्या दोन पाळ्यांमध्ये बरोबर मावतं. जणू एकमेकांसाठीच केलेत. "हेच हिचं घर," असं वेल्डर तुझ्या आवाजात म्हणाला. तुझा आवाज त्याने कधी ऐकलेला नाही, तरी.

आकृती सोबत आहे. मी सीटवर उभी राहिले, मागे तोंड केलं आणि वरून जसं दिसतं तसं काढलं. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, बघ, एकही बोट नाही.

बाबा रुसलेले नाहीत. जरा दमतात हल्ली, म्हणून लिहीत नाहीत. या जोडणीबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही. म्हणजे चालेल असंच समजायचं ना?

माती अजून मऊ आहे, पण बांधाकडची कड भुरी दिसायला लागली आहे. लवकर कळव.

घाईबाई


२१ फेब्रुवारी

प्रिय घाईबाई,

आकृती पाहिली. भिंग घेऊन पाहिली. शेजारच्या बाईंनाही दाखवली. त्यांना काही कळले नाही, तरी त्यांनी कौतुक केले. रेषा स्वच्छ आहेत, मापे जागच्या जागी आहेत, बाणांची टोकेसुद्धा नीट. माझ्या वर्गात असतीस तर तुझा कागद भिंतीवर लावला असता.

मधला जोडकान म्हणजे काढून टाकलेल्या पट्टीचा धारक असणार. पट्टी नेली आणि धारक राहिला. जुन्या यंत्रांत असे नेहमी दिसते. तो दोन्ही चाकांच्या बरोबर मधोमध आहे, म्हणजे ओढ सरळ रेषेत राहील, नांगर एका बाजूला पळणार नाही. पिन तिथे चपखल बसत असेल तर तेच ठिकाण योग्य. पिनेच्या खालच्या टोकाला आडवी कडी अवश्य घाल, नाहीतर हिसक्याने ती वर उडेल.

बाजूने दिसणारी आकृती सवडीने पाठव. घाई नाही. वस्तू दोन दिशांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, असे मी पोरांना सांगत असे. पण इथे सीटवर दादा बसणार आहे. जन्मभर नांगर ओढलेल्या माणसाला बाकीचे सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यासारखे आहे. तो एकदा मागे वळून पाहील आणि काही चुकले असेल तर शिवी हासडील. ती शिवी मला अवश्य कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.

खरे सांगते, त्याचे अक्षर पाहिल्याशिवाय मला चैन नाही. निदान पाकिटावरचा पत्ता तरी त्याला लिहू दे.

आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

पाकिटावरचा पत्ता बाबांनी लिहिलेला नाही, हे तू आधीच पाहिलं असशील. आता लपवत नाही.

बाबांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही. ऐकतात, समजतं सगळं, पण तोंडातून शब्द येत नाही. मी तुला लिहायला बसले, तर त्यांनी डाव्या हाताने माझा कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या डोळ्यावर बोट ठेवलं. तुझ्या डोळ्याबद्दल म्हणत होते. तुला रडायचं नाही ना. म्हणून गप्प बसले. रागाव, पण रडू नकोस.

ट्रॅक्टर मी चालवते. रस्त्यावर, शेतात, मागे-पुढे सगळं शिकले. बाबांना ते पटलेलं नाही. त्यांच्या कॉटला टेकवून काठी ठेवली आहे. ट्रॅक्टर खिडकीसमोर आणून, नांगर जोडून त्यांना दाखवला, तर त्यांनी ती काठी उचलली आणि कॉटच्या पायावर आपटायला सुरुवात केली. अगदी तळाशी, जमिनीलगत. पुन्हा पुन्हा. तोंड लाल. त्यासाठी कॉटवरून किती वाकावं लागतं त्यांना! आता तर मी ट्रॅक्टर सुरू केला की काठी सुरू होते. पोरीने नांगर धरलेला त्यांना कधी आवडायचा नाही, हे मला माहीत होतं. पण न बोलताही माणूस इतका ओरडू शकतो, हे माहीत नव्हतं.

दिवसभर डाव्या हाताने चाकू घेऊन लाकूड तासत बसतात. जुन्यासारखी खुंटी केली आहे. वेडीवाकडी. काल माझ्या हातात कोंबली. लोखंडी पिन असताना लाकडी कशाला? मन राखायला घेतली आणि खिडकीत ठेवली.

तुझी कडी घातली. सगळं तयार आहे. आणि एक सोय अशी झाली की, पूर्वी पिन घालायला मातीत गुडघे टेकावे लागायचे. आता जोडकान पार माझ्या कमरेच्या वर आहे. त्यात वरचा हात अडकवलेला होता, तो आधीच काढून ठेवला. दांडी नांगरापासून चढण चढल्यासारखी वर जाते. उभ्या उभ्या पिन घालते. कंबर वाचली!

सोमवारी सकाळी नांगर लावते. बाबांना नांगरलेली माती दिसली की त्यांचा राग जाईल, असं वाटतं.

घाईबाई


तार
२ मार्च

नांगर ओढू नकोस. जोड वर आहे. खाली घे. ट्रॅक्टर उलटेल. दादाचे ऐक. पत्र येत आहे. आत्या.


२ मार्च

घाईबाई,

आज सोमवार आहे. तुझे पत्र दुपारी हाती आले, म्हणजे तू सकाळीच शेतात गेलेली असणार. "कमरेच्या वर" हे शब्द वाचले आणि मी तशीच तारघरात गेले. एका डोळ्याने, वाकून पायऱ्या बघत जिना उतरले, म्हणून शेजारच्या बाई रागावल्या आहेत. तार लिहून देताना खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, 'ट्रॅक्टर उलटेल' हे बरोबर लिहिलंय ना?" मी म्हटले, "बरोबर असू नये अशी इच्छा आहे. पाठवा."

हे पत्र तुला मिळेल तेव्हा त्यातले सगळे सांगणे वेळेवर असेल की उशिराचे, मला माहीत नाही. तरीही क्रमाने लिहिते.

चूक कुठे झाली ते पाहा. तू वरून पाहून आकृती काढलीस. वरून पाहिले की मधोमध असलेली प्रत्येक वस्तू मधोमधच दिसते, मग ती जमिनीलगत असो वा छातीएवढ्या उंचीवर. उंची त्या कागदावर नव्हतीच. ती मी मनाने भरली आणि खाली भरली. तुझा जोडकान पट्टीचा धारक नाही. तो तिसऱ्या, वरच्या हाताचा कान आहे. उचलून धरलेल्या अवजाराचा तोल सांभाळण्यासाठी तो असतो. ओढण्यासाठी कधीही नसतो. आणि माझ्या फळ्यावरचे वाक्य अपुरे होते. पिन जिथे चपखल बसते ते तिचे घर, हे खरे. पण घर कोणत्या मजल्यावर आहे, हे मी लिहिले नव्हते.

आता हे का घडते ते समजून घे. माणसाला मागून कंबरेखाली धरून ओढले तर तो पाय रोवून उभा राहतो. तीच ओढ सदऱ्याच्या कॉलरला बसली तर तो उताणा पडतो. ट्रॅक्टरचेही असेच. मागच्या चाकांचा आस ही त्याची कंबर. जोड आसाच्या बराच खाली असेल तर नांगर जितका अडेल तितके ट्रॅक्टरचे नाक जमिनीकडे दाबले जाते. जोड आसाच्या वर असेल आणि नांगर मुळात किंवा दगडात अडला, तर चाके मातीत रुततात, इंजिन थांबत नाही, आणि फिरवायला चाक मिळत नाही म्हणून ते सगळा ट्रॅक्टरच आसाभोवती फिरवते. नाक वर, आणि चालवणारा खाली. हे इतक्या झटकन होते की माणूस 'अरे' म्हणून संपत नाही.

आणि दादा. पोरी, तू म्हणतेस तो कॉटच्या पायावर तळाशी काठी आपटतो. रागावलेला माणूस हाताला येईल तिथे आपटतो. कॉटवरून वाकून, तोल सांभाळत, जमिनीलगत कोण आपटतो? त्याला जो सांगायचा आहे तो शब्द त्याच्या तोंडात येत नाही, म्हणून तो जागा दाखवतो आहे. तो म्हणतो आहे: खाली. खाली घे. तो तुझ्या चालवण्यावर रागावलेला नाही. तो घाबरलेला आहे.

आणि ती खुंटी. घरात विजेचा फ्यूज असतो ना? सगळ्या वायरींत एक तार मुद्दाम कमजोर ठेवतात, की काही बिघडले तर घर जळण्याआधी ती जळावी. लाकडी खुंटी म्हणजे नांगराचा फ्यूज. आपल्या शेतात जुन्या झाडांची मुळे किती आहेत, हे त्या शेताशिवाय फक्त दादाला माहीत आहे. नांगर मुळात अडला की खुंटी मोडते, नांगर सुटतो, माणूस वाचतो. तू तिथे माझ्या सल्ल्याने कडी घालून पक्की केलेली लोखंडी पिन बसवली आहेस. ती मोडणार नाही. मी मोडू न देण्याची पूर्ण व्यवस्था केली.

उत्तर तारेने पाठव. एक शब्द पुरे. डॉक्टरांच्या दोन मनाई मी आज मोडल्या आहेत. तिसरी मोडायला लावू नकोस.

आत्या


३ मार्च

आत्या,

मी धड आहे. सकाळीच "सुखरूप" एवढी तार पाठवली आहे, ती मिळाली असेल. आता सगळं सांगते. तुझं पत्र अजून यायचंय, पण तार पुरेशी होती.

सोमवारी सकाळी पिन सापडेना. आदल्या संध्याकाळी तेल लावून, फडक्यात गुंडाळून बाबांच्या कॉटजवळच्या स्टुलावर ठेवली होती. फडकं होतं, पिन नव्हती. सगळं घर पालथं घातलं. कणकेच्या डब्यात पाहिलं, चपलांमध्ये पाहिलं. बाबांना विचारलं, "तुम्ही पाहिली का हो?" तर ते डोळे मिटून घोरायला लागले. आत्या, बाबा आयुष्यात कधी घोरलेले नाहीत. तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी घाईबाई!

दुसरी पिन करून घ्यायची तर सकाळ गेली असती. रागारागाने खिडकीतली लाकडी खुंटी उचलली. म्हटलं, मोडेपर्यंत तर चालेल.

पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, सुरेख गेलं. काळी माती उलटत होती, मागे पक्षी उतरत होते. बाबांच्या खिडकीसमोरून जाताना मी हात केला. काठीचा आवाज इंजिनामुळे ऐकू आला नसता, पण काठी हलताना दिसली. मनात म्हटलं, आपटा, शेत तर बघा. मग त्या जुन्या झाडाच्या जागेपाशी नांगर एकदम अडला. मागची चाकं मातीत बसली. आणि माझ्या समोर शेत होतं, ते खाली गेलं. बॉनेट वर आलं. नुसतं आभाळ दिसत होतं, आत्या. मला वाटतं मी क्लच दाबायला हवा होता. पाय कुठे आहे हेच आठवेना.

मागे कडाड्‌ असा आवाज झाला. खुंटी मोडली होती. पुढची चाकं धाडदिशी खाली आली, माझे दात दातांवर आपटले, इंजिन बंद पडलं. नांगर मागे मुळात तसाच उभा होता, जणू काही त्याने काहीच केलं नाही.

मी घराकडे पळाले. बाबा अर्धे कॉटवर, अर्धे जमिनीवर होते. खिडकीतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. डाव्या हाताने कॉटचा पाय तळाशी गच्च धरला होता, म्हणून डोकं आपटलं नाही. मी त्यांना उचललं, तर त्यांनी माझा चेहरा चाचपला, मग दात, मग दोन्ही हात. सगळे अवयव मोजल्यासारखे. मग मला एक चापटही मारली, हलकी. ती बहुधा ती शिवी असावी, जी तुला कळवायची होती.

तार आज सकाळी आली. मी मोठ्याने वाचली. "खाली घे" या शब्दांवर त्यांनी काठी उचलली, कॉटच्या पायावर तळाशी एकदाच ठोकली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी रडले. मला काही डॉक्टरांची मनाई नाही.

चादर बदलताना पिन सापडली. उशीखाली. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती पुन्हा उशीखाली सारली आणि घोरायला लागले.

नांगर मुळातून काढलाय. ट्रॅक्टर गोठ्याजवळ उभा आहे, मी त्याला हात लावलेला नाही. वेल्डरचा चेहरा उतरलाय. म्हणतो, "माझ्या हाताने झालं असतं." आता तू सांगशील तसंच. बाजूने काढलेली आकृती सोबत आहे. यात उंची दिसते. मला ती काढताना भीती वाटली.

घाईबाई


९ मार्च

प्रिय घाईबाई,

तार मिळाली तेव्हा मी ती तीनदा उलटून पाहिली, मागेही काही लिहिले आहे का म्हणून. डॉक्टरांनी विचारले तर सांगेन, पाणी आले ते औषधाने आले.

सोबत दोन आकृत्या आहेत, एक वरून आणि एक बाजूने. एक पाहून काम सुरू करू नकोस. खालच्या दोन हातांच्या मध्ये जाड आडवा दांडा, त्याच्या टोकांना बुश, मधोमध भोक. उंची बाजूच्या आकृतीत दिली आहे, आसाच्या बरीच खाली. पण एवढ्याने भागत नाही. खालचे हात हायड्रॉलिकने, म्हणजे तेलाच्या दाबाने, वर उचलले जातात. चुकून तो खटका ओढला तर आपला खाली घेतलेला जोड पुन्हा वर जाईल. म्हणून आडव्या दांड्यापासून त्या वरच्या जोडकानापर्यंत दोन पक्क्या पट्ट्या टाकायच्या, म्हणजे दांडा हलणारच नाही. त्या कानाला आपण शेवटी काम दिले आहे, ते असे: धरून ठेवण्याचे. वेल्डरला म्हणावे, आता चिकटवून टाक, मनसोक्त.

भोकात खुंटी लाकडाची. ती तासण्याचे काम ज्याचे त्यानेच करावे. क्लचवर पाय ठेवून, मुळांच्या जागी सावकाश. आणि सुरू करण्याआधी ट्रॅक्टर खिडकीसमोर उभा कर. काठी वाजली तर मला लिही. वाजली नाही तर नांगर लाव.

दादाला आकृती दाखव आणि म्हणावे, सही कर. डाव्या हाताची चालेल.

आत्या


१८ मार्च

मास्तरीणबाई,

डावा हात. अक्षराला हसू नको.

जोड खाली आला. काठी वाजवली नाही. सगळं शेत नांगरून झालं. तीन खुंट्या मोडल्या. चौथी तासतोय.

लोखंडी पिन माझ्याकडेच आहे. पोरगी मागते. देत नाही.

आकृती बरोबर. सही केली. मिलिमीटर म्हणजे किती बोटं ते लिहायचं राहिलं तुझं.

डोळा बरा झाला की ये. मग काय रडायचं ते रड.

पोरगी नांगर चांगला धरते. तास सरळ पडतं, माझ्यापेक्षा सरळ. हे तिला कळवू नको.

दादा

(पत्ता मी लिहिलाय, आत्या. पाकीट त्यांनी स्वतः चिकटवलं होतं, पण डाव्या हाताने चिकटवलेलं नीट चिकटत नाही. — घा.)